विश्लेषण : आर्डुइनो आणि संगणकाचा संवाद का तुटतो? बोर्ड ‘गेला’ म्हणण्याआधी काय तपासावे?

सर्किट जोडून झाले, प्रोग्राम अपलोड झाला. पण सीरियल मॉनिटरच्या खिडकीत एक तर काहीच उमटत नाही, किंवा तापमानाच्या आकड्याऐवजी उलटी प्रश्नचिन्हे आणि चौकोन दिसतात. आर्डुइनोवर प्रकल्प करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो. सादरीकरण उद्यावर आलेले असते. मग ‘बोर्ड गेला’ असे ठरवून मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याचा पासोड्या विठोबा परिसर गाठला जातो. नवा बोर्ड जोडल्यावरही अनेकदा तेच घडते, कारण बिघाड बोर्डात नसतोच. तो केबलमध्ये, जोडणीत, वेगात किंवा प्रोग्रामच्या एखाद्या ओळीत असतो. पडद्यावर नेमके काय दिसते, यावरून तो कुठे असावा याचा अंदाज बांधता येतो.

सीरियल संवाद म्हणजे काय?

एकाच तारेवरून एकामागोमाग एक बिट पाठवण्याच्या पद्धतीला सीरियल संवाद म्हणतात. आर्डुइनो ऊनोवर त्यासाठी दोन पिन आहेत. ० क्रमांकाची आरएक्स ही ऐकण्याची आणि १ क्रमांकाची टीएक्स ही बोलण्याची. संगणकाकडे जाणारा हाच संवाद बोर्डावरची एक वेगळी चिप यूएसबीमध्ये बदलून देते.

या पद्धतीत दोन्ही बाजूंना ताल देणारी वेगळी तार नसते. एक बिट किती वेळ टिकणार, हे दोघांनी आधीच ठरवलेले असते. त्यालाच बॉड रेट म्हणतात. एमिल बोडो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून हा शब्द आला. ९६०० हा वेग असेल, तर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. प्रत्येक अक्षराआधी एक ‘स्टार्ट’ बिट, मग माहितीचे ८ बिट आणि शेवटी एक ‘स्टॉप’ बिट असे १० बिट जातात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे.

ऐकणारी बाजू ‘स्टार्ट’ बिट दिसताच आपल्या घड्याळाने मोजायला लागते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेवरचा व्होल्टेज पाहते. दोन घड्याळांत फरक असेल, तर तो प्रत्येक बिटागणिक साचत जातो. दहाव्या बिटापर्यंत तो अर्ध्या बिटाहून अधिक झाला, की वाचन चुकते. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या वेगांतला एकूण फरक साधारण पाच टक्क्यांच्या आत असावा लागतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी ठेवणे बरे.

पोर्टच दिसत नसेल तर?

बोर्ड जोडूनही आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टचे नाव येत नसेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. मोबाइल चार्ज करण्याच्या काही स्वस्त केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या दोन तारा नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून केबल चांगली आहे असे वाटते. पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर घेता येतात, तशी केबल वापरून पाहावी.

दुसरा संशय ड्रायव्हरवर. बाजारातल्या अनेक स्वस्त प्रतिकृती बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते. काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. लिनक्सवर पोर्ट दिसूनही उघडत नसेल, तर वापरकर्त्याचे खाते ‘डायलआउट’ गटात आहे का, हे पाहावे.

ड्रायव्हरमुळे चांगला बोर्ड मेल्यासारखा वाटू शकतो, याचे गाजलेले उदाहरण २०१४ मधले आहे. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या बनावट नकला अनेक उपकरणांत वापरल्या जात होत्या. कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने अशा चिपचा उत्पादन क्रमांक शून्य करून टाकला आणि संगणक ती उपकरणे ओळखेनासा झाला. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. चिप जळालेल्या नव्हत्या, फक्त त्यांचा क्रमांक बदलला होता.

पोर्ट दिसते, पण अपलोड होत नाही?

‘नॉट इन सिंक’ असे शब्द असलेला लाल संदेश आला, तर तीन गोष्टी पाहाव्यात. मेन्यूत बोर्ड आणि पोर्ट योग्य निवडले आहेत का? तेच पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने, समजा पायथनच्या स्क्रिप्टने, अडवून ठेवले आहे का? आणि पिन ० व १ वर काही जोडले आहे का?

तिसरी चूक सर्वाधिक सतावते. ऊनोवर प्रोग्राम याच दोन पिनवरून आत जातो. ब्लूटूथ किंवा जीपीएसचे मॉड्यूल तिथे जोडलेले असेल, तर संगणक आणि मॉड्यूल एकाच वेळी बोलू लागतात. अपलोड करण्यापुरत्या या तारा काढाव्यात किंवा मॉड्यूल दुसऱ्या पिनवर घेऊन ‘सॉफ्टवेअर सीरियल’ वापरावे. मात्र ऊनोवर ते ९६०० सारख्या कमी वेगालाच भरवशाचे असते. १,१५,२०० ला ते अक्षरे गाळू लागते.

पडदा कोराच राहिला तर?

प्रोग्रामच्या ‘सेटअप’ भागात ‘सीरियल.बिगिन’ ही ओळ आहे का, हे आधी पाहावे. मॉड्यूल जोडले असेल, तर तारा उलटसुलट हव्यात. एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जातो. टीएक्स टीएक्सलाच जोडला, तर दोघेही बोलतात आणि ऐकणारा कोणीच नसतो. काही मॉड्यूलवर नावे समोरच्या बाजूच्या दृष्टीने छापलेली असतात. त्यामुळे शंका असेल, तर माहितीपत्रक पाहून खात्री करावी.

संगणकावरचा प्रोग्राम पोर्ट उघडतो, तेव्हा ऊनो आपोआप रीसेट होतो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. पायथनमधून पोर्ट उघडल्याबरोबर पाठवलेली आज्ञा त्यामुळे हरवते, कारण बोर्ड तेव्हा नुकता सुरू होत असतो. पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबून आज्ञा पाठवली, की हा प्रश्न सुटतो.

भलतीच अक्षरे दिसत असतील तर?

कोऱ्या पडद्यापेक्षा ही बातमी चांगली. केबल, ड्रायव्हर, पोर्ट ठीक आहेत आणि तारेवरून काहीतरी येते आहे, एवढे यातून कळते. आता अक्षरांची तऱ्हा पाहावी. प्रत्येक वेळी तीच ती भलती अक्षरे येत असतील, तर दोन बाजूंचा बॉड रेट जुळत नाही. प्रोग्राममध्ये ९६०० आणि सीरियल मॉनिटरमध्ये १,१५,२०० असा हा प्रकार असतो. दर वेळी वेगळीच अक्षरे येत असतील, तारेला हात लावल्यावर ती बदलत असतील, तर ग्राउंडची तार तपासावी. व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजला जातो. मॉड्यूलला वेगळी बॅटरी असेल आणि दोघांचे ग्राउंड जोडलेले नसतील, तर ही तुलनाच बिघडते.

काही मॉड्यूलचे वेग वेगळेच असतात. एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल एरवी बहुधा ९६०० ला बोलते, पण त्याच्या सेटिंग बदलण्याच्या अवस्थेत ३८,४०० लागतो. ईएसपी८२६६ चे अनेक बोर्ड सुरू होताना ७४,८८० या वेगाने काही ओळी पाठवतात. त्या ओळी अगम्य दिसल्या, म्हणून बोर्ड खराब ठरत नाही.

वेग दोन्हीकडे सारखा असूनही अडचण येऊ शकते. ऊनोच्या आर-३ आवृत्तीतल्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून ९६०० हा वेग ०.२ टक्के फरकाने मिळतो, तर १,१५,२०० मध्ये हा फरक २.१ टक्के असतो. संगणकाशी बोलताना तो जाणवत नाही, कारण मूळ ऊनोवरची यूएसबीची चिपही १६ मेगाहर्ट्झवरच चालते आणि तितकीच चुकते. दुसरे मॉड्यूल जोडले, की एखादे अक्षर बिघडू लागते. अशा वेळी वेग कमी करून पाहावा.

मजकूर अर्धवट येत असेल तर?

ऊनोमध्ये आलेली अक्षरे साठवण्याची जागा फक्त ६४ बाइटची आहे. ९६०० च्या वेगाने ती सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरते. प्रोग्राममध्ये ‘डिले(१०००)’ असेल, तर त्या एका सेकंदात पुढचे सारे वाया जाते. जीपीएसच्या संदेशाची एक ओळ ८२ अक्षरांपर्यंत असू शकते. म्हणजे पूर्ण लांबीची एक ओळसुद्धा या जागेत मावत नाही. अशा प्रकल्पात ‘डिले’ टाळून ‘मिलिस’ने वेळ मोजावी आणि आलेले प्रत्येक अक्षर लगेच उचलावे.

बोर्ड खरोखर कधी जळू शकतो?

व्होल्टेजकडे दुर्लक्ष केले तर. ऊनो ५ व्होल्टवर बोलतो, तर ईएसपी८२६६, ईएसपी३२ ही मॉड्यूल ३.३ व्होल्टची आहेत. ऊनोचा टीएक्स त्यांच्या आरएक्सला थेट जोडू नये. मध्ये १ किलोओम आणि २ किलोओमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागला, तर ५ चे ३.३ होतात. उलट दिशेला ३.३ व्होल्टचा संकेत ऊनोला सहसा समजतो.

जुन्या संगणकाचे किंवा औद्योगिक यंत्राचे नऊ पिनांचे आरएस-२३२ पोर्ट याहून धोकादायक. तिथे संकेत उणे आणि अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि १ व ० यांचे अर्थही उलटे असतात. मॅक्स२३२ सारखी चिप मध्ये न घेता ते ऊनोला जोडले, तर ‘बोर्ड गेला’ हे वाक्य खरे ठरू शकते.

आकडा स्वच्छ दिसतो, पण चुकीचा असेल तर?

हा सर्वांत फसवा प्रकार, कारण यात काही बिघडले आहे असे वाटतच नाही. सीरियल मॉनिटरमध्ये १ टाइप केल्यावर ‘सीरियल.रीड’ ४९ देते. ती चूक नव्हे, ४९ हा ‘१’ या अक्षराचा आस्की क्रमांक आहे. ‘पार्सइंट’ वापरून ५ पाठवले, की आधी ५ आणि सेकंदाभराने ० मिळतो. मॉनिटरमधला ‘न्यू लाइन’ हा पर्याय ५ च्या मागे ओळ संपल्याची खूण पाठवतो. तिच्यात आकडा नसतो, म्हणून एक सेकंद वाट पाहून शून्य परत दिले जाते. मोटर सुरू होऊन लगेच बंद पडते, आणि दोष मोटरला दिला जातो.

मातीतल्या ओलाव्यावर पंप चालवणाऱ्या प्रकल्पात याचा फटका मोठा असतो. सेन्सरचे मूल्य ० ते १०२३ असते. ‘सीरियल.प्रिंट’ने ६०० पाठवले, तर ६, ० आणि ० अशी तीन अक्षरे जातात. त्याऐवजी ‘सीरियल.राइट’ वापरले, तर एकच बाइट जातो. बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा बसत नाही, म्हणून पलीकडचा प्रोग्राम ६०० ऐवजी ८८ वाचतो. ५११ चे २५५ होतात आणि ५१२ चा थेट ०. ओलावा एका अंकाने बदलला, तरी पंपाला तो आकाशपाताळाचा फरक वाटतो.

तपासणीचा क्रम कसा ठेवावा?

बोर्डावरच्या सर्व तारा काढून सुरुवात करावी. रीसेट पिन ग्राउंडला जोडावी, म्हणजे बोर्डातला मायक्रोकंट्रोलर गप्प राहतो. मग पिन ० आणि १ एका जंपर वायरने एकमेकींना जोडून सीरियल मॉनिटरमध्ये काही टाइप करावे. तेच शब्द परत आले, तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. त्यानंतर दोन्ही तारा काढून एकच शब्द दर सेकंदाला पाठवणारा छोटा प्रोग्राम टाकावा. तो नीट दिसला, की बोर्डाबाबत चिंता उरत नाही. मग एकेक मॉड्यूल जोडत जावे आणि प्रत्येक वेळी ग्राउंड, व्होल्टेज, टीएक्स-आरएक्स व वेग या क्रमाने पाहावे.

अखेरची तपासणी मल्टिमीटरने करावी. सेन्सरच्या पिनवर २.९३ व्होल्ट असतील आणि बोर्डाला ५ व्होल्ट मिळत असतील, तर पडद्यावर ६०० च्या आसपासच आकडा हवा. तिथे ८८ दिसत असेल, तर नवा सेन्सर किंवा नवा बोर्ड आणण्याआधी प्रोग्राममधली पाठवण्याची ओळ पाहावी.