पैशाचा वेग आणि देण्याचा विलंब

लक्ष्मी चंचल आहे हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु ती इतक्या झपाट्यानें चालेल अशी कल्पना मात्र कोणीं केली नव्हती. भाजीवाल्याचे चाळीस रुपये मोबाइलवरून चुकते करतांना आपल्या घरांतील आजीबाईंसही आतां नवल वाटेनासें झालें आहे. परंतु ह्या घरगुती देण्याघेण्याविषयीं आम्ही आज लिहीत नाहीं. त्याहून कितीतरी मोठें असें एक देणेंघेणें आपल्या नजरेआड रात्रंदिवस चालू असतें. तें म्हणजे एका धंद्यानें दुसऱ्या धंद्यास द्यावयाचा पैसा : मोटारींच्या कारखान्यानें सुटे भाग घडविणारास, औषधांच्या कंपनीनें बाटल्या पुरविणारास, इस्पितळानें कापूस व पट्ट्या पुरविणारास. आपल्या वर्गांतील तरुण नोकरीचा सरळ रस्ता सोडून भोसरी, चाकण, अंबड, शिरोली येथील औद्योगिक वसाहतींत स्वतःचीं यंत्रें मांडूं लागल्यास बरींच वर्षें झालीं, आणि तरुणीही त्यांत मागें नाहींत. त्यांच्या घरीं महिनाअखेर जी चिंता ठाण मांडून बसलेली दिसते तिचें मूळ बहुधा ह्याच देण्याघेण्यांत असतें.

उदाहरणादाखल असें समजूं या कीं, भोसरींतील एका लहान कारखान्यानें एका मोठ्या कंपनीस आठ लाख रुपयांचे भाग घडवून दिले. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर धरून बीजक ९,४४,००० रुपयांचें झालें. माल कंपनीच्या फाटकांतून आंत गेला म्हणजे पैसे आल्यासारखेच, असें बाहेरच्या माणसास वाटतें; प्रत्यक्षांत तेथें कागदांची परीक्षा सुरू होते. कोठारांत नग मोजले जातात, तपासनीस मापें घेतो, आणि मग माल पोंचल्याची नोंद संगणकावर होते. हिशेबखात्यांत तीन कागद शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहतात : खरेदीचा हुकूम, ज्यास सगळे पीओ म्हणतात तो, माल मिळाल्याची नोंद, आणि बीजक. तिन्हींत नग, भाव व कर जुळले तरच बीजक मंजूर. हजार नगांपैकीं दहा नग नापसंत झाले, किंवा वाढवून दिलेल्या भावाची नोंद करावयास खरेदीखातें विसरलें, कीं तें बीजक बाजूस पडतें. आणि तें बाजूस पडलें आहे हें पुरवठादारास कोणी आपण होऊन क्वचितच कळवितो.

बीजकाच्या खरेखोटेपणाविषयीं मात्र आतां वाद घालण्यास फारशी जागा उरलेली नाहीं. १ ऑक्टोबर २०२० पासून वार्षिक ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या धंद्यांस, आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्यानें खालीं येऊन १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या धंद्यांस, दुसऱ्या धंद्याच्या नांवें केलेलें बीजक सरकारी संगणकावर नोंदवावें लागतें. तेथें त्यास ६४ अक्षरांचा क्रमांक मिळतो. ‘तुमचें बीजक आम्हांस मिळालेंच नाहीं’ हें जुनें उत्तर आतां शोभत नाहीं. अजून ऐकूं येतें, ही गोष्ट वेगळी.

मंजूर झालेल्या बीजकाचे पैसेही लगेच निघतात असें नाहीं. मोठ्या कंपन्यांत बहुधा आठवड्याच्या अथवा महिन्याच्या ठराविक दिवशींच पैसे सोडले जातात. त्या दिवशीं संगणक मुदत भरलेल्या बीजकांची यादी तयार करतो. तींत पुरवठादाराचें नांव, खातेक्रमांक, बँकेच्या शाखेचा अकरा अक्षरी आयएफएससी संकेत व रक्कम असते. एक अधिकारी ती यादी मांडतो, दुसरा ती मंजूर करतो. तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या कनवटीस द्यावयाच्या नाहींत हा जुना नियम येथेंही पाळला जातो. मग ती यादी तशीच्या तशी बँकेच्या संगणकांत शिरते, आणि शेंकडों पुरवठादारांचे पैसे एका दमांत वाटेस लागतात.

ह्या वाटा मुख्यतः दोन. दोन लाख अथवा त्याहून मोठी रक्कम आरटीजीएसनें जाऊं शकते. ही पद्धति रिझर्व्ह बँकेनें मार्च २००४ मध्यें सुरू केली. तींत प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणें, आली तशी, रिझर्व्ह बँकेच्या वहींत एका बँकेच्या खात्यांतून दुसरीच्या खात्यांत वळती होते, आणि एकदां वळती झाली कीं ती कायमची. दुसरी वाट एनईएफटीची, नोव्हेंबर २००५ पासूनची. तींत रकमा अर्ध्या अर्ध्या तासाच्या खेपांनीं जातात, दिवसाला अशा ४८ खेपा. प्रत्येक खेपेस बँकांचें परस्परांकडील येणें व देणें वजा करून जी बाकी उरेल तेवढीच चुकती होते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहेत. रविवार नाहीं, दिवाळी नाहीं. परगांवचा चेक वटण्याची वाट पाहत ज्यांनीं दिवस मोजले आहेत त्यांनाच ह्या सुधारणेचें खरें मोल कळेल.

पैसे आले तरी पुरवठादाराच्या कारकुनाचें काम संपत नाहीं. खात्यांत एकच रक्कम जमा होते. ती सात बीजकांची मिळून असते, तींतून नापसंत मालाची किंमत वजा झालेली असते, आणि कधीं प्राप्तिकराची कपातही. जुलै २०२१ पासून १० कोटींहून अधिक उलाढालीच्या खरेदीदारास, एकाच विक्रेत्याकडील वर्षाची खरेदी ५० लाखांवर गेली कीं वरच्या रकमेवर शेंकडा ०.१ कापून सरकारांत भरावे लागतात. ह्या सर्वांचा तपशील देणारें पत्रक कंपनीनें ई-मेलनें धाडलें तर ठीक. नाहीं तर कोणत्या बीजकाचे किती आले हें शोधण्यांत दोन दिवस जातात.

एका धोक्याची सूचना येथेंच दिली पाहिजे. ‘आमची बँक बदलली आहे, यापुढें पैसे ह्या खात्यांत पाठवावे’ असा ई-मेल पुरवठादाराच्या नांवानें भलताच कोणी पाठवितो, व लाखों रुपये एका क्षणांत भामट्याच्या घरीं जातात. नांव कांहींही लिहिलें तरी पैसे खातेक्रमांकावरूनच जमा होत. पाठविण्यापूर्वीं खातेदाराचें खरें नांव दिसावें अशी सोय ह्या दोन्ही पद्धतींत करण्यास रिझर्व्ह बँकेनें बँकांना १ एप्रिल २०२५ ची मुदत घालून दिली. तरीही खातें बदलल्याचें पत्र आल्यास आधींपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर टेलिफोन करून खात्री करून घ्यावी हें उत्तम.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. तारेवरचा पैसा अर्ध्या तासांत पोंचतो. पण तो तारेवर चढण्यासच साठ, नव्वद, कधीं शंभराहून अधिक दिवस लागतात. विलंब यंत्रांत नाहीं, तो मंजुरींत व कराराच्या अटींत आहे. तोंपर्यंत आमच्या भोसरीच्या कारखानदारास पोलादाचे, विजेचे व मजुरीचे पैसे द्यावेच लागतात. इतकेंच नव्हे, तर कंपनीनें एक पैही दिलेली नसतां त्या बीजकावरील १,४४,००० रुपयांचा कर, खरेदीवर भरलेला कर वजा जातां, पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरण्याची जबाबदारी सामान्यतः त्याच्यावर असते. मग बँकेच्या कॅश-क्रेडिटवर व्याज चढतें. त्या कर्जास राहतें घर तारण असतें, आणि पगाराच्या तारखेस पत्नीच्या बांगड्या बाहेर निघाल्याचीं उदाहरणें आपणांपैकीं अनेकांनीं आपल्या आप्तांत पाहिलीं असतील. मोठी कंपनी अशा रीतीनें आपल्या पुरवठादारांकडून बिनव्याजी कर्जच घेत असते. फक्त त्यास ती कर्ज म्हणत नाहीं.

कायदा ह्याविरुद्ध नाहीं असें नाहीं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानें, सूक्ष्म वा लघु उद्योगानें पुरविलेल्या मालाचे पैसे करारांतील तारखेस द्यावे, व ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नसावी. करार नसल्यास मुदत १५ दिवसांचीच. माल पोंचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार न केल्यास तो स्वीकारला असें धरतात. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. इतकें कडक व्याज सावकारासही लाजवील! परंतु तें मागावयाचें कोणीं? ज्या गिऱ्हाइकावर निम्मा कारखाना चालतो त्यास नोटीस देणें म्हणजे पुढचा हुकूम गमावणें, हें भय कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेलें नाहीं, पण त्याच्या प्रत्येक कलमाहून तें बलवान् ठरलें आहे.

म्हणूनच २०२३ च्या वित्त-अधिनियमानें काढलेली युक्ति आम्हांस अधिक धोरणी वाटते. पुरवठादारानें भांडण्याची गरजच तिनें कमी केली. सूक्ष्म वा लघु उद्योगाचें देणें वरील मुदत उलटून मार्चअखेर तुंबलें असेल, तर तें प्रत्यक्ष चुकतें होईपर्यंत खरेदीदारास तो खर्च प्राप्तिकराच्या हिशेबांत वजा मिळत नाहीं. हिशेबनीसांची धांदल फेब्रुवारी-मार्चांत कां उडते तें ह्यावरून कळेल. मात्र पुरवठादाराची ‘उद्यम’ नोंदणी झालेली असली पाहिजे, व तिचा क्रमांक बीजकावर छापलेला असणें हिताचें. निव्वळ मालाची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांस ह्या तरतुदीचा लाभ नाहीं.

दुसरा उपाय आपल्या जुन्या पेढ्यांना ओळखीचा वाटावा असा आहे. मुद्दती हुंडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल कीं, खरेदीदारानें हुंडी सकारली म्हणजे विक्रेता ती सराफाकडे नेई, आणि सराफ मुदतीपर्यंतची कसर कापून रोख पैसे देई. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१४ च्या मार्गदर्शनानुसार ‘ट्रेड्स’ नांवाची जी व्यवस्था निघाली व २०१७ पासून प्रत्यक्ष चालूं लागली, ती ह्याच हुंडीचें संगणकी रूप होय. पुरवठादार बीजक तेथें मांडतो, कंपनी तें सकारते, आणि अनेक बँका त्यावर कसरीची बोली बोलतात. सर्वांत कमी बोली पसंत केली कीं बहुधा दुसऱ्याच दिवशीं पैसे पुरवठादाराच्या खात्यांत येतात. मुदत भरल्यावर बँक ते कंपनीच्या खात्यांतून वसूल करते. कंपनीनें बुडविलें तरी बँकेस पुरवठादाराच्या दारीं येतां येत नाहीं. शिवाय बोली ठरते ती कंपनीच्या पतीवर, लहान कारखानदाराच्या नव्हे. आमच्या बीजकावर शेंकडा ८ दरानें ६० दिवसांची कसर सुमारें १२,४०० रुपये पडेल. तोच पैसा शेंकडा १२ नें कर्जाऊ घेतला तर सुमारें १८,६०० पडतील.

तथापि ही कसर बहुधा पुरवठादाराच्याच गळ्यांत पडते. उशीर करणारा एक आणि त्याचें मोल देणारा दुसरा, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्या कंपन्या हा भार स्वतः उचलतात त्यांचें अनुकरण इतरांनीं करावयास हवें. ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांस २०१८ मध्यें येथें नोंदणी सक्तीची झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें ती मर्यादा २५० कोटींवर आणून ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करण्यास सांगण्यांत आलें. परंतु सक्ति आहे ती नोंदणीची; बीजक सकारणें कंपनीच्याच मर्जीवर.

आणि २५० कोटींच्या खालीं तर तीही सक्ति नाहीं. भोसरीचा आमचा कारखानदार आपले भाग शेजारच्या भट्टींतून उष्णतेची प्रक्रिया करून आणतो. त्या भट्टीवाल्याचें चाळीस हजारांचें बीजक कोणत्याही बँकेच्या बोलीस जात नाहीं. कंपनीचे पैसे येऊं देत, मग तुमचें पाहूं, असें त्यास दर आठवड्यास सांगण्यांत येतें.