पोरगा बिघडला नाही, आजारी आहे!

मागच्या वर्षी एका रात्री आमच्या वस्तीतील एक माउली दाराशी आली. "भाऊ, पोरगा भिंतीशी बोलतो. जेवणात विष घातलंय म्हणतो, ताटाला शिवत नाही."

पोरगा अवघा १९ वर्षांचा. दोन वर्षांपासून गांजा ओढत होता. आम्ही त्याला समोर बसवून पाचव्या शीलाची आठवण दिली. "गांजा सोड, सारे ठीक होईल." नातेवाईक म्हणाले, बाहेरची बाधा आहे. उपदेश आणि अंगारा, यात चार महिने गेले. चूक आमचीही होती, म्हणून हे लिहीत आहोत.

गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला वेड लागत नाही. पण धोका खरा आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीच्या वेळी सुमारे ४५ हजार तरुणांना व्यसनांविषयी विचारले गेले. पुढे १५ वर्षांची नोंद पाहिली. ५० हून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहा पट निघाले. इतर कारणे वजा केल्यावर आकडा कमी झाला, पण धोका उरलाच. कोवळे वय, रोजची सवय, कडक माल आणि घराण्यात असा आजार असेल तर तो अधिक.

उलटही घडते. आजार सुरू झालेला मुलगा भीती विसरण्यासाठी नशेकडे वळतो. काहींचा त्रास नशा थांबल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, काहींचा राहतो. कोणाचा कोणता, हे आपण किंवा भगताने नव्हे, मानसोपचार तज्ज्ञाने ठरवायचे.

म्हणून झोप उडणे, विनाकारण संशय, नसलेले आवाज ऐकू येणे, ही लक्षणे दिसताच सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. नशेची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

तो पोरगा आता गोळ्या घेतो, बापाबरोबर कामाला जातो. आवाज अजून अधूनमधून येतात. पण तो ते आईला सांगतो. आम्ही उपदेश थांबवला आहे. महिन्यातून एकदा अर्धी रजा टाकून त्याच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभे राहतो.