गाण्यांच्या गर्दीत 102.4

अकोल्यात रेडिओ लावला की हिंदी सिनेमाची गाणी शोधावी लागत नाहीत. रेडिओ सिटी आहे, माय एफएम आहे. दोन्ही देशभर पसरलेल्या साखळ्या. एकीमागे जागरण समूह उभा आहे, दुसरीमागे आपल्याकडे ‘दिव्य मराठी’ काढणारा दैनिक भास्कर समूह. त्यांचे आवाज तरतरीत, गाणी ताजी, जाहिराती भरपूर. याच पट्ट्यात 102.4 मेगाहर्ट्झवर आकाशवाणीचं अकोला केंद्र बोलत असतं, काहीसं संथ आणि बरंचसं जुन्या वळणाचं. या तिघांची तुलना निघाली की गप्पा ‘कोणाला जास्त लोक ऐकतात’ इथेच अडकतात, आणि गाण्यांच्या शर्यतीत अकोला केंद्र मागे पडलं एवढं म्हणून विषय मिटवला जातो. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. गाणी वाजवण्यासाठी हे केंद्र काढलेलंच नव्हतं. ज्या कामासाठी काढलं ते काम आजही अकोल्यात दुसरं कोणी करत नाही. केंद्राला खरा धोका आहे तो त्याचा स्वतःचा स्थानिक वेळ हळूहळू कमी होण्याचा. शेजारच्या वाहिनीवर कोणतं गाणं लागलं आहे, याने त्याचं फारसं बिघडत नाही.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. आकाशवाणीने राष्ट्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक अशी तीन स्तरांची रचना ठरवली आणि 30 ऑक्टोबर 1984 रोजी तामिळनाडूत नागरकोइलला देशातलं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं. पुढच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं उभी राहिली. अमरावती विभागात अकोला आणि यवतमाळ ही त्यातलीच. कल्पना साधी होती. नागपूर आकाशवाणी 1948 पासून मध्यम लहरींवर साऱ्या विदर्भाशी बोलत होती, पण साऱ्या विदर्भाशी बोलणाऱ्याला एका तालुक्याशी बोलता येत नाही. धानाचा भंडारा आणि कपाशीचा अकोट यांना एकच सल्ला चालत नाही. स्थानिक केंद्राने आपल्या पंचक्रोशीत हिंडावं, तिथल्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित करावेत, पाणी, पीक, आजार आणि परीक्षा यांविषयी बोलावं आणि जोडीला गाणीही लावावीत, असा हेतू होता.

हे काम कसं चालतं ते उद्घोषकाच्या टेबलाशी नीट दिसतं. समोर कन्सोल असतो, त्यावर फेडरची रांग. एक फेडर स्वतःच्या माइकचा, एक-दोन संगणकावरून वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांचे आणि एक रिलेचा, म्हणजे दिल्ली, मुंबई किंवा नागपूरहून येणाऱ्या आवाजाचा. बाजूला क्यू शीट. कोणत्या मिनिटाला काय आणि किती वेळ, ते त्यावर लिहिलेलं असतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा उद्घोषकाच्या नजरेतून हलत नाही. प्रादेशिक बातम्या ठरल्या सेकंदाला सुरू होतात आणि त्या अकोल्यासाठी थांबत नाहीत. गाणं चाळीस सेकंद आधी संपलं तर वाद्यसंगीताची धून लावून ती जागा भरायची. शेतीतज्ज्ञाची मुलाखत एक मिनिट लांबली तर त्यांचं वाक्य कुठे सोडवायचं ते तिथल्या तिथे ठरवायचं. मग आपला फेडर खाली, रिलेचा वर. ऐकणाऱ्याला सांधा जाणवला नाही तर काम चोख झालं. खासगी वाहिनीच्या निवेदकाची करामत बोलण्यात असते. इथल्या उद्घोषकाची निम्मी करामत वेळेवर गप्प होण्यात असते, आणि तिला कोणी टाळी देत नाही. मला या कारागिरीबद्दल आदर वाटतो. हे केंद्र एकाच वेळी दोन घरांचं आहे, दिल्लीचंही आणि वऱ्हाडाचंही. त्या दोन घरांमधला उंबरठा म्हणजे हा एक फेडर.

आता रेडिओने शेतीचं काही भलं होतं का, हा मुद्दा. त्यासाठी आपल्याच राज्यातला पुरावा आहे. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा, करून पाहा, एवढंच त्याचं सूत्र. टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेल्या पॉल न्यूरॅथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं तेव्हा श्रवणमंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढा फरक पडला नाही. (वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि पुढच्या नोव्हेंबरात मुंबई राज्यात आलं, म्हणून या यादीत आपलं गाव नाही.) यातून कळतं ते असं, की रेडिओचा उपयोग होतो, पण बोलणारा ओळखीचा असावा लागतो आणि ऐकल्यावर पारावर बोलणं व्हावं लागतं. आकाशवाणीने 15 फेब्रुवारी 2004 पासून 96 एफएम केंद्रांवरून ‘किसानवाणी’ सुरू केली, ती हाच धागा पकडून. अकोल्यात तर 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. सल्ला देणारा आणि सल्ला पोहोचवणारा एकाच शहरात असण्याचं हे भाग्य फार थोड्या केंद्रांना लाभतं.

2017 चा खरीप आठवा. गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी पोखरली. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत सडलेला कापूस आणि अळी. या किडीवर फवारणीपेक्षा वेळ पाळणं महत्त्वाचं असतं. वावरात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे, त्यांतले पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करायचा. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची. फरदड, म्हणजे हंगामानंतर लांबवलेलं पीक, घ्यायची नाही, डिसेंबर सरताना पऱ्हाटी उपटायची. यातली प्रत्येक सूचना तारखेला आणि तालुक्याला बांधलेली आहे. तेल्हाऱ्यात पाऊस झाला आणि पातूरला झाला नाही तर दोन्हीकडच्या कास्तकाराला वेगवेगळं सांगावं लागतं. तेच पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचं. जिथे विहिरीचं पाणीच खारं आहे तिथे ओलिताचा सर्वसाधारण सल्ला उलट नुकसान करतो. मुंबईहून किंवा दिल्लीहून हे सांगता येणार नाही, आणि दोन गाण्यांच्या मधल्या तीस सेकंदांतही सांगता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप मोबाइलचा. कास्तकाराच्या खिशात फोन आहे, यूट्यूबवर शेकडो शेतीतज्ज्ञ आहेत, मग रेडिओ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चित्र दिसलं की डोमकळी ओळखणं सोपं जातं, हे रेडिओ कधीच करू शकणार नाही. पण फोनवरचा सल्ला कोणी दिला, कोणत्या मातीसाठी दिला आणि त्याला औषधाच्या कंपनीने पैसे दिले होते का, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. केंद्रावर बोलणाऱ्या विद्यापीठाच्या माणसाचं नाव आणि हुद्दा आधी सांगितला जातो, आणि त्याचं चुकलं तर जाब विचारायला विद्यापीठ गावातच आहे. शिवाय निंदण करणाऱ्या बाईचे हात मोकळे नसतात, तिला पडद्याकडे बघायला फुरसत नसते. एफएमला डेटा लागत नाही. साध्या फोनला इअरफोनची वायर लावली की तीच अँटेना होते. अडचण अशी की नव्या फोनमधून ती सोय काढली जाऊ लागली, इतकी की एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारला उत्पादकांना सांगावं लागलं, फोनमधला एफएम बंद करू नका.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खासगी वाहिन्याही अकोल्याबद्दल बोलतात, गणेशोत्सवाचं सांगतात, रहदारीचं सांगतात, आणि ते हसतखेळत सांगतात. मग सरकारी पैसा कशासाठी? खासगी निवेदक शहराचं मन जाणतात, हे मी मान्य करतो. केंद्राने त्यांच्याकडून मोकळेपणा शिकावा. पण त्यांच्या हातांना नियमाची दोरी आहे. हवामान, परीक्षा, नोकऱ्या, पाणी आणि विजेच्या सूचना त्यांना देता येतात. स्वतःची बातमी देता येत नाही. जानेवारी 2019 पासून आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली, एवढंच. ज्यांच्या घरात वर्तमानपत्रं छापली जातात त्या साखळ्यांना रेडिओवर तोंड मिटून बसावं लागतं. त्यातच खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका कंपनीला आपल्या सगळ्या वाहिन्यांवर एकच कार्यक्रम चालवायची परवानगी दिली आहे. व्यवसाय म्हणून त्यात गैर काही नाही, सव्वाचार लाखांच्या शहरातल्या जाहिरातींवर किती माणसं पोसणार? पण म्हणूनच बोंडअळीचा अर्धा तास त्यांच्याकडून मागणं चूक आहे. तो खर्च जाहिरातीतून निघत नाही, आणि सार्वजनिक पैसा असतो तो अशाच कामासाठी.

भाषेचंही तसंच. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडी मराठी वाचकांनी डोक्यावर घेतली. विठ्ठल वाघांच्या कवितेमुळे ती महाराष्ट्रभर पोहोचली. माइकसमोर मात्र ती अजून पाहुण्यासारखी येते. विनोदी प्रहसनात किंवा लोकगीतात तिला जागा मिळते, सल्ल्याच्या वाक्यात मिळत नाही. ‘फवारणी करावी’ ऐकणारा माणूस घरी ‘करजो’ म्हणतो. केंद्राने गंभीर बोलणंही वऱ्हाडीत करून पाहावं. हसण्यासाठीच वऱ्हाडी, हा समज मोडण्याचं काम एखादं स्थानिक केंद्रच करू शकेल.

इथवरची बाजू केंद्राच्या गुणांची झाली. आता काळजीची बाजू, आणि ती मोठी आहे. फेडर खाली जाण्याच्या वेळा वाढत गेल्या तर अकोला केंद्र अकोल्यात असूनही अकोल्याचं राहणार नाही. मनोरा इथला, वीज इथली आणि आवाज दुसरीकडचा, अशी गत होईल. ही भीती हवेतली नाही. जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी आवाज उठवला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. पुण्यासाठी ओरडणारे पुष्कळ निघाले. अकोल्याचा एखादा अर्धा तास गुपचूप रिलेत गेला तर ओरडणार कोण?

दुसरी काळजी माणसांची. स्थानिक प्रसारणाचा मोठा भार नैमित्तिक उद्घोषकांवर असतो. त्यांना महिन्यातल्या मोजक्या पाळ्या मिळतात, त्या पाळीचे पैसे मिळतात आणि पुढची हमी काही नसते. सेकंदकाट्याशी खेळण्याची वर सांगितलेली कारागिरी हेच लोक करतात. चांगला आवाज आणि चांगली समज असलेला तरुण अशा अटींवर किती वर्षं थांबेल? तो गेला की नुसता आवाज जात नाही. तालुक्यातल्या प्रत्येक गावाची, तिथल्या कीर्तनकाराची, प्रयोग करणाऱ्या कास्तकाराची जी ओळख त्याने जोडलेली असते, तीही जाते. ही ओळख कुठल्या फायलीत नोंदलेली नसते.

तिसरी अडचण भौतिकशास्त्राची, तिला आदेश काढून हरवता येत नाही. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. शंभर मीटर उंच मनोरा धरला तरी त्याचं रेडिओ-क्षितिज साधारण 41 किलोमीटरवर येतं. त्यापलीकडे आवाज पोहोचतो, पण क्षीण होत जातो. पूर्णेचं खोरं सपाट आहे म्हणून पूर्व-पश्चिम बरीच गावं सुखाने ऐकतात. पण उत्तरेला गाविलगडाची भिंत उभी आहे आणि तिच्यामागे धारणीपर्यंतचं मेळघाट सावलीत पडतं. अमरावती शहर रस्त्याने शंभरेक किलोमीटर लांब, म्हणजे विभागाचं मुख्यालयच अकोल्याच्या खात्रीच्या टप्प्याबाहेर. 2022 च्या जूनमध्ये याच दोन शहरांच्या दरम्यान 75 किलोमीटरचा रस्ता 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. आवाजाचा रस्ता मात्र अजून मधेच तुटतो.

आणि दारात उभी असलेली चौथी गोष्ट. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 खासगी वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला. त्या यादीत अचलपूर आहे, यवतमाळ आहे, वर्धा आहे. त्याआधी, सप्टेंबर 2023 मध्ये, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. ती शिफारस योग्यच आहे. एकाच तोंडून बातमी ऐकायची सक्ती कोणत्याही गावावर नसावी. पण ती अमलात आली की आजवर नियमाच्या भिंतीआड सुरक्षित राहिलेला आकाशवाणीचा बातम्यांचा मक्ता संपेल. मग अकोला केंद्राकडे काय उरेल? विद्यापीठाशी असलेलं नातं, तालुक्यांची ओळख, वऱ्हाडी बोली आणि अर्धा तास एकाच विषयावर बोलण्याची सवड. हे चारही आज त्याच्याजवळ आहेत, पण चारही माणसांच्या आधारावर उभे आहेत. माणसं टिकवायची तर पाळ्या वाढवाव्या लागतील, मानधन वेळेवर द्यावं लागेल आणि रिलेला हात लावता येणार नाही असे काही तास अकोल्याच्या नावाने राखून ठेवावे लागतील.

आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे ही मागणी श्रोत्यांनीच लावून धरली तर तिला वजन येईल. म्हणून अकोला, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या भागात राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. आठवडाभर 102.4 लावा. कोणता कार्यक्रम कामाचा वाटला, कोणता कंटाळवाणा झाला आणि तुमच्या गावाचं नाव शेवटचं कधी ऐकलंत, हे एका कागदावर लिहा आणि केंद्राला पाठवा.