फोटोचे चित्र होते कसे?

पावसाळ्यात सिंहगडाचा फोटो मोबाईलवर काढावा, एखाद्या अॅपमधील तैलरंगाचे बटण दाबावे, की क्षणार्धात डोंगर कुंचल्याने रंगविल्यासारखा दिसू लागतो. मोबाईलला चित्रकला येते काय? मुळीच नाही. त्याला येते ते अंकगणित.

फोटो म्हणजे लाखो चौकोनी ठिपके. प्रत्येकाची उजळता ० ते २५५ या अंकांत नोंदलेली असते. (रंगीत फोटोत तांबडा, हिरवा, निळा असे तीन अंक, सोयीसाठी आपण एकच घेऊ.) समजा, आकाश २०० आणि डोंगर ६० आहे. डोंगराच्या कडेला चिकटून असलेला आकाशाचा एक ठिपका घ्या व त्याच्याभोवती ५ × ५ चा चौकोन आखा. वरच्या तीन ओळी आकाशाच्या, खालच्या दोन डोंगराच्या. या २५ ठिपक्यांची सरासरी येते १४४, म्हणजे ना आकाश ना डोंगर! कड पुसट होते.

जपानमधील कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर तोड सुचविली. चित्रकला त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. किरणोत्सारी द्रव्य वापरून घेतलेल्या हृदयाच्या प्रतिमा त्यांना स्वच्छ करायच्या होत्या, पण कडा शाबूत राखून. त्यांची रीत अशी: मोठ्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत ३ × ३ चे चार चौकोन घ्यायचे. मधला ठिपका चौघांतही येतो. ज्या चौकोनातील अंकांत सर्वांत कमी तफावत, त्याचीच सरासरी मधल्या ठिपक्याला द्यायची. आपल्या उदाहरणात वरचे चौकोन निव्वळ आकाशाचे, उत्तर २००. कड जशीच्या तशी! गवताची बारीक पाती मात्र सपाट होऊन त्यांचे पट्टे बनतात, आणि तेच आपल्याला कुंचल्याचे फटकारे वाटतात.

२०१५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी कृत्रिम चेताजालाकडून व्हान गॉगची शैली नदीकाठच्या घरांच्या फोटोवर चढविली. पुढच्याच वर्षी प्रिझ्मा हे अॅप आले. पण ते गणित वहीत मावणारे नव्हे. कुवाहारांचे मावते.

आलेखाच्या कागदावर करून पाहा. आकाशातून जाणारी, एक ठिपका जाडीची आडवी तार घ्या. तार ६०, आकाश २००. ती चारही चौकोनांत येते, म्हणून तिचा अंक १५३ होतो. पुन्हा केले की १८४, तिसऱ्यांदा १९५. तार जवळजवळ नाहीशी! चित्रकारही ती बहुधा गाळील, पण ठरवून. अॅपला विजेची तार आणि कड्यावरची पाण्याची बारीक धार यांत फरक कळत नाही. तार चौकोनाच्या कर्णावरून तिरपी गेली, तर पहिल्याच फेरीत १८४ येतात. का, ते तुम्हीच शोधा.