भय रोगाचे की लोकांचे?

एच.आय.व्ही.ची चाचणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशक धीर देतो. निदान झाल्यास औषधही फुकट मिळते. इतके असूनही माणूस आपण होऊन त्या केंद्राची पायरी चढण्यास का कचरतो? ‘अज्ञान’ हे एका शब्दाचे उत्तर देऊन शहरातील सुशिक्षित मोकळे होतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके डोळ्यांसमोर आणले, तर ते उत्तर किती अपुरे आहे हे ध्यानी येईल.

पावसाळा सरताच तेथील आदिवासी पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. हातावर पोट असलेल्या माणसाला चाचणीसाठी तालुक्याला येणे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. हा विषाणू तर वर्षानुवर्षे लक्षणांवाचून शरीरात राहतो. काही दुखत-खुपत नसताना हा खर्च त्याने का करावा?

परंतु खर्चाहून मोठा अडसर लोकभयाचा आहे. लहान गावात सारेच परस्परांच्या ओळखीचे. विशिष्ट खोलीपुढील बाकावर कोणी बसलेला दिसला, की चाचणीच्या आधीच गावाचा निकाल लागतो! स्त्रीची स्थिती याहून बिकट. गरोदरपणी बाळाच्या रक्षणासाठी तिची चाचणी होते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे घरात प्रथम निदान पुष्कळदा तिचे होते आणि संसर्ग पतीकडून आलेला असला, तरी बोल तिलाच लागतो.

१९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिले रुग्ण आढळले, तेव्हा हे निदान म्हणजे मृत्युपत्रच होते. आज तसे नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने विनामूल्य औषधोपचार सुरू केले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून चाचणी करू नये, निदान गुप्त राखावे, नोकरी वा उपचार नाकारू नयेत, असा त्याचा दंडक आहे.

मात्र कायद्याचे कलम गावाच्या जिभेला लगाम घालू शकत नाही. म्हणून ही चाचणी रक्तदाब, मधुमेह, क्षय यांच्या तपासणीबरोबरच, पाड्यावर व वीटभट्टीवर जाऊन व्हावी. गरोदर स्त्रीबरोबर तिच्या पतीलाही बोलावावे. आणि केंद्रातील शिपायापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने मौन पाळावे. एकाच्या तोंडून फुटलेले गुपित शंभर जणांना त्या दारापासून दूर ठेवते.

आपल्या घरातील आजार चारचौघांत बोलला जाऊ नये, अशी दक्षता शहरी माणूस कटाक्षाने घेतो. तीच अब्रू पाड्यावरच्या मजुरालाही आहे, हे ज्या दिवशी आपण मान्य करू, त्या दिवशी ‘स्वेच्छा चाचणी’ या शब्दांतील स्वेच्छेला अर्थ येईल.