तेलाच्या कथेपूर्वीचे आठ दिवस

यहुदी पंचांगातील किस्लेव मासाच्या पंचविसाव्या तिथीस, म्हणजे बहुधा डिसेंबरच्या सुमारास, सुरू होणारा हनुक्का हा दीपोत्सव मोशेच्या धर्मग्रंथात कोठेही सांगितलेला नाही. त्याचा उगम राज्यकारभाराच्या आणि लढायांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास आरंभी तरी फारसा उदात्त नाही.

सीरियाच्या सेल्युकिद घराण्यातील चौथा अँटिओकस इ.स.पू. 175 मध्ये गादीवर आला तो रोमच्या खंडणीचे ओझे शिरावर घेऊनच; त्यामुळे यरुशलेमचे महापुरोहितपद जो अधिक रक्कम भरील त्यास बहाल करण्यात त्याला काहीच गैर वाटले नाही. प्रथम यासोनाने ते पद मिळवले आणि पुढे मेनेलाउसाने चढी बोली करून ते बळकावले. ग्रीक रीतीकडे ओढा असलेले खुद्द यहुदी पुरोहितच या सौद्यात सामील होते, ही गोष्ट सणाची कथा सांगणारे बहुधा गाळतात. मिसरवरील स्वारी रोमच्या दटावणीमुळे अर्धवट सोडून परतलेल्या या राजाने इ.स.पू. 167 मध्ये शब्बाथ हा शनिवारचा विश्रामदिन व सुंता यांस बंदी करणारे फर्मान काढले, आणि मंदिराच्या वेदीवर झ्यूसची पूजा सुरू झाली.

मोदीन गावचा वृद्ध पुरोहित मत्तथ्य आपल्या पाच पुत्रांसह डोंगरात निघून गेला. शब्बाथच्या दिवशी शस्त्र उचलावयाचे नाही म्हणून रानात आश्रय घेतलेली माणसे मुलाबाळांसह कापली गेली, हे कळताच त्या दिवशीही स्वसंरक्षणार्थ लढावे असा निर्णय या कर्मठ मंडळींनी घेतला. त्यांच्या कोणत्याही लढाईहून हे धाडस मला मोठे वाटते. मत्तथ्याच्या पश्चात त्याचा पुत्र यहूदा मक्काबी याने राजाच्या फौजा हटवून इ.स.पू. 164 मध्ये मंदिर ताब्यात घेतले. विटाळलेल्या वेदीचे दगड फेकून द्यावेत तर ते एके काळी पवित्र होते आणि वापरावेत तर भ्रष्ट झालेले. तेव्हा कोणी प्रेषित येऊन निवाडा देईपर्यंत ते निराळे रचून ठेवले गेले, आणि न घडवलेल्या दगडांची नवी वेदी उभारून तिची आठ दिवस प्रतिष्ठा चालली.

आठच दिवस का? ‘मक्काबी’ नावाच्या दुसऱ्या ग्रंथाचे उत्तर साधे आहे : डोंगरात लपून राहावे लागल्यामुळे शरदातला आठ दिवसांचा मांडवांचा सण यथासांग पाळता आला नव्हता, त्याच धर्तीवर हा उत्सव झाला. एका दिवसापुरते शुद्ध तेल आठ दिवस पुरल्याची सर्वश्रुत कथा आढळते ती कित्येक शतकांनंतरच्या तलमुद या धर्मपंडितांच्या ग्रंथात; आणि या दिवसांत प्रार्थनेत व भोजनोत्तर आभारात घातला जाणारा विशेष पाठ विजयाचेच स्मरण करतो, त्या तेलाचे नाव काढीत नाही. रोमविरुद्धची बंडे रक्तात बुडालेली पाहिलेल्या धर्मपंडितांनी तलवारीपुढे दिवा ठेवला असावा, असा माझा तर्क आहे.

दिव्याचे विधी मात्र त्यांनी फार बारकाईने बांधले. मंदिरातील दीपवृक्ष सात शाखांचा; हनुक्काच्या दीपिकेस आठ दिवे, आणि ते पेटवण्यासाठी ‘शमाश’ हा नववा. शम्माई या पंडिताच्या अनुयायांचे मत असे की, आठांनी आरंभ करून रोज एक कमी करावा. त्याचा प्रतिपक्षी पंडित हिल्लेल याच्या अनुयायांचे म्हणणे, पवित्र कार्यात चढ असावा, उतार नसावा, आणि रूढ झाले ते हेच. दिवे उजवीकडून डावीकडे मांडतात, पण आधी पेटवतात तो त्या रात्रीचा नवा दिवा. या उजेडात वाचू नये, नाणीही मोजू नयेत; त्याने केवळ चमत्काराची घोषणा करावी, म्हणून तो दाराशी किंवा खिडकीत ठेवतात, आणि छळाच्या काळी घरातल्या मेजावर ठेवण्यासही मुभा आहे. कामधंद्यास बंदी नाही. उपवास मात्र निषिद्ध. तळणीचे पदार्थ ओघानेच आले.

कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल यांना मात्र हा तेलाचा सण पिढ्यान्पिढ्या ठाऊकच नव्हता. मंदिराच्या या पुनःप्रतिष्ठेपूर्वीच आपले पूर्वज मायदेश सोडून निघाले आणि जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, असा त्याचा अर्थ त्यांच्यापैकी कित्येकांनी लावला. पुरावा म्हणून तो निर्णायक नव्हे, कारण ग्रंथांवाचून आणि इतर यहुद्यांपासून दूर शतकानुशतके राहिलेल्या समाजाच्या स्मरणातून असा एखादा सण गळूनही गेला असेल.