कॉफीचं मशीन रुसलं, तर आधी पाणी बघा

मैत्रिणींनो, वाफ काही आपल्याला नवी नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली की बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाईचाही हात गॅसच्या दिशेनं जातो. शिट्टी नीट होत नसेल, तर रिंग सैल झाली की नळीत डाळ अडकली, हे आपण आवाजावरून ओळखतो. त्यासाठी कुणी मेकॅनिकला फोन करत नाही. मग तीच वाफ कॉफीच्या मशीनमधून येऊ लागली की आपण दोन पावलं मागे का सरकतो?

हे विचारायचं कारण म्हणजे शिरूर काय, दौंड काय, आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आता हे छोटं एस्प्रेसो मशीन आलं आहे. मुलगा खराडीला किंवा हिंजवडीला नोकरीला, लेक बंगळूरला. दिवाळीला येताना खोकं घेऊन येतात, दोन दिवस कॉफी करून दाखवतात आणि जातात. सहा महिन्यांनी कॉफीची धार बारीक होते, वाफ नुसती फुरफुर करते. मग मशीन जातं माळ्यावर, जुन्या रोटीमेकरच्या शेजारी. ‘बिघडलंय’ म्हटलं की विषय संपला!

कामानिमित्त माझं दौंडला जाणं होतं. तिथल्या एका मैत्रिणीनं मात्र हा विषय संपू दिला नाही, कारण तिला ते परवडणारं नव्हतं. घरातला कमावता माणूस गेल्यावर ती भिशी, हळदीकुंकू, बारशाला नाश्ता करून द्यायला लागली. भावानं दिलेल्या मशीनवरची कॉफी हे तिच्या नाश्त्याचं आकर्षण. एक दिवस पाणीच येईना. दुरुस्तीवाल्यानं मशीन न उघडताच सांगितलं, ‘‘ताई, पंप गेला. नवीनच घ्या.’’ पुढच्या आठवड्यात तिच्याकडे दोन ऑर्डरी होत्या. आम्ही दोघी माहितीपुस्तिका घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट तपासत गेलो. पंप ठणठणीत होता. मशीन मोडलेलं नव्हतं, चोंदलेलं होतं. आपल्या भागात बहुतेक मशिनांचं हेच होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मशीनच्या पोटात काय चालतं ते बघू. मागच्या टाकीतलं पाणी पंप ओढतो, पुढे ते तापतं आणि दांड्याच्या जाळीत भरलेल्या कॉफीच्या पुडीतून जोरानं खाली ढकललं जातं. कुकरमध्ये दाब असतो बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट. इथे कॉफी उतरताना तो सुमारे नऊपट असतो. लग्नाच्या हॉलमधली आपली ‘एक्स्प्रेसो’ वेगळी. तिथे कपातल्या दूध-कॉफीत नुसती वाफ सोडतात. इटलीत मात्र लुइजी बेझेरानं १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते पुडीतून पाणी ढकलणाऱ्या यंत्राचं. त्यात ढकलायचं काम वाफेचा दाबच करायचा. पंप न लावलेली स्वस्त मशिनं आजही त्याच तत्त्वावर चालतात.

आता पाणी का अडतं? आपल्याकडे घोड आणि भीमा या नद्या आहेत, पण असंख्य घरांत येतं ते बोअरचं पाणी. काळ्या पाषाणातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल पांढरी पडते, पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला खडबडीत थर बसतो, ते यामुळेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. एवढे क्षार पातेल्यात दिसतात. मशीनच्या नळ्या काडीएवढ्या बारीक, त्यात बसलेला थर आपल्याला दिसत नाही, इतकंच.

पाणी येत नसेल तर हा क्रम धरा. पहिलं, टाकी काढून पुन्हा नीट दाबून बसवा. खालची झडप उघडली नाही तर टाकी भरलेली असूनही पंप कोरडाच ओढतो. दुसरं, टाकी मध्येच रिकामी झाली होती का ते आठवा. तसं झालं असेल तर नळीत हवा शिरते आणि पंपाचा आवाज एकदम मोठा, पोकळ येतो. अशा वेळी मशीन थंड असताना टाकी भरा, वाफेच्या नळीखाली भांडं ठेवून तिची चावी उघडा आणि पंप चालू करा. फुसफुस होत हवा निघून जाते आणि पाण्याची सलग धार लागते. मिनिटभरात धार लागली नाही तर पंप बंद करून थोडं थांबा, तो तापू देऊ नका.

तिसरं, दांडा काढून ठेवा आणि नुसतं पाणी सोडून बघा. दांड्याशिवाय पाणी चांगलं पडत असेल, तर दोष मशीनचा नाही, पुडीचा आहे. पीठासारखी बारीक पूड, ठासून भरलेली जाळी किंवा चिकोरी मिसळलेली पूड असली की ओली झाल्यावर चिखल होतो आणि पाणी अडतं. विरघळणारी इन्स्टंट कॉफी या जाळीत कधीच भरू नका. शुद्ध कॉफीची, बारीक साखरेसारखी रवाळ पूड घ्या आणि बेतानं दाबा. जाळी उजेडाकडे धरा. भोकं बुजलेली असतील तर गरम पाण्यात भिजवून ब्रशनं घासा.

चौथं, दांड्याशिवायही थेंबथेंबच पडत असेल, तर आत क्षार बसलेत. आमच्या मैत्रिणीचं हेच झालं होतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, साधारण २० ग्रॅम घेऊन लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळवा. पुस्तिकेत वेगळं प्रमाण किंवा वेगळं औषध दिलं असेल तर तेच वापरा. हे पाणी टाकीत भरून एक कपभर खालून आणि एक कपभर वाफेच्या नळीतून जाऊ द्या. मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा तसंच करा. टाकी संपेपर्यंत हेच. मग दोन टाक्या स्वच्छ पाणी. दौंडला पहिल्या फेरीत पांढरी कणी बाहेर पडली, तिसऱ्या फेरीला धार मोकळी झाली. फिनेल किंवा संडास धुवायचं अॅसिड मात्र चुकूनही नको, याच मशीनमधून आपण पिणार आहोत!

आता वाफेकडे वळू. वाफ कमी येते तेव्हा निम्म्या वेळा घाई झालेली असते. वाफेचं बटण दाबल्यावर दिवा लागेपर्यंत थांबायलाच हवं. त्यात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० आलं, तर तापवायच्या कॉइलची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. मशीन बिचारं काय करणार? एखादी सकाळ बघा, व्होल्टेज पूर्ण असताना वाफ जोरात आली तर मशीन चांगलं आहे. चावी उघडल्याबरोबर आधी थोडं पाणी पडतं, ते साचलेलं असतं. ते वेगळ्या कपात काढून मगच नळी दुधात बुडवा.

व्होल्टेज असूनही वाफ नुसती फुरफुरत असेल, तर नळीच्या टोकाला वाळलेलं दूध आहे असं समजा. मशीन बंद करून, प्लग काढून, पूर्ण गार होऊ द्या. टोक कोमट पाण्यात भिजवा आणि बारीक टाचणीनं भोक मोकळं करा. ही वेळच येऊ नये म्हणून दूध फेसाळून झालं की लगेच ओल्या फडक्यानं नळी पुसा आणि दोन सेकंद वाफ सोडून द्या. दुधाचं पातेलं आपण वाळू देतो का? तसंच हे.

यापुढचं जिवाचं आहे. शेजारच्या सुनेनं, कॉफी उतरत नाही म्हणून गडबडीनं दांडा फिरवला. आत दाब अडकलेला होता. गरम चोथा उडून तिचं मनगट भाजलं. म्हणून पाणी अडलं की आधी पंप बंद करा, भांडं धरून वाफेची चावी हळूच उघडून दाब जाऊ द्या, दहा मिनिटं थांबा आणि मगच दांडा काढा. पंप नसलेल्या मशीनला वरून झाकण असतं. ते तर साक्षात कुकरचं झाकण समजा, वाफ पूर्ण गेल्याशिवाय हात लावायचा नाही. भाजलंच तर बांगड्या, अंगठी लगेच उतरवा आणि नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. फोड आले तर दवाखाना गाठा.

मशीनखाली पाणी साचतंय, हात लावल्यावर झिणझिण्या येतात, जळका वास येतो किंवा पाणी अजिबात तापत नाही, असं असेल तर प्लग काढून जाणकार मेकॅनिककडेच न्या. तिथे आपली हुशारी नको.

आणि रोजचा एक सोपा उपाय. आरओचं पाणी असेल तर ते वापरा. नसेल तर पाणी रात्री दहा मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवा. क्षारांचा बराचसा भाग तळाशी बसतो. सकाळी वरचं निवळ पाणी अलगद फडक्यातून गाळून टाकीत घाला. तरीही दर दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाची फेरी करायचीच.

दौंडच्या मैत्रिणीच्या दोन्ही ऑर्डरी वेळेवर गेल्या. लिंबूसत्त्वाची पुडी आता तिच्या फडताळात कायमची असते. आता तुमच्या माळ्यावरचं खोकं खाली काढा बघू!